गाडी पाहण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आपण बहुतेकींनी अनुभवलेला असतो. आधी ट्रे घेऊन येणाऱ्या बाजूने आणि पुढे नणंदेचं, भाचीचं जमायच्या वेळी पोहे खाणाऱ्या बाजूने. पाहायला आलेली माणसं पडदे पाहतात, कपबशा पाहतात, पोह्यांवरचं खोबरं पाहतात आणि भिंतीला आलेली ओल तेवढी राहून जाते. २०२५ च्या डिसेंबरात आम्ही असाच एक कार्यक्रम केला. फरक एवढाच, की पाहायची होती ती गाडी होती. जुनी मॅटाडोर, आतून घरासारखी केलेली. झोपायला पलंग, भांड्यांचं कपाट, शेगडी आणि फुलाफुलांचे पडदे!

आधी ही हौस कुठून आली ते सांगते. माझे सासरे ड्रायव्हर होते. तुमसरच्या एका राइस मिलमालकाची मॅटाडोर ते चालवत. कधी वऱ्हाड, कधी आजारी माणूस, कधी मालकाच्या घरची मंडळी रामटेकला. आमचे हे लहानपणी सुट्टीत वडिलांसोबत गाडीत जायचे. मागच्या बाकावर झोपायचे आणि जाग आली की नवंच गाव दिसायचं, असं ते अजून सांगतात. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून रस्त्यात कुठे जुनी मॅटाडोर दिसली की ह्यांची स्कूटर आपोआप हळू होते.

ही गाडी आता निघत नाही, म्हणून नव्या पिढीसाठी दोन शब्द. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९६९ च्या सुमारास ती काढली. तिचं माहेर मात्र जर्मनीचं. 'टेम्पो' हे नावच मुळी हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं. आपण पुढे दिसेल त्या मालगाडीला टेम्पो म्हणू लागलो. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण मॅटाडोर त्याआधीच बंद झाली होती. तिकडे जर्मनीत फोक्सवॅगनच्या डब्यासारख्या गाड्यांत पलंग-शेगडी बसवून कुटुंबंच्या कुटुंबं फिरायला निघत, ती प्रथा १९५० नंतरची. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. ती बातमी ह्यांनी कापून ठेवली होती. माझ्या पाककृतींच्या वहीत!

आता तुम्ही म्हणाल, बाई, ही हौस नवऱ्याची, तुझं काय? तर खरं सांगते, मलाही ती गाडी हवी होती. कारण अगदी बायकी आहे. प्रवासाला निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून मी पाणी कमी करते. सासूबाई तर सकाळचा चहासुद्धा टाळतात. त्यांना साखरेचा आजार, गुडघे दुखतात आणि रस्त्यावरची स्वच्छतागृहं एक तर कुलूपबंद, नाही तर पाय ठेवू नये अशी. नवेगावबांधला गेलो तेव्हा दिवसभर पाणी न पिल्याने त्यांना चक्कर आली. हे झाडामागे जाऊन आले, मुलगा जाऊन आला आणि आम्ही तिघी, म्हणजे सासूबाई, मी आणि माझी अकरा वर्षांची लेक, एकमेकींकडे पाहत बसलो. स्वतःच्या गाडीत मागे एक आडोसा असेल, बसायची सोय असेल, तर बाईमाणूस घोटभर पाणी पिऊन जग पाहील की नाही?

तेव्हा पैशाला मीही हात लावला. हे जिल्हा परिषदेत लिपिक. त्यांनी नव्वद हजार साठवले होते. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्यातले वीस हजार आणि भिशीचे चाळीस हजार असे माझे साठ. दीड लाख झाले. गाडीवाला पावणेदोन म्हणत होता, पण "बसून बोलू" असंही म्हणत होता.

गाडी होती साकोलीच्या बाजूला, महामार्गाला लागून असलेल्या एका आवारात. सोबत शेजारचे काका होते. गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, आता निवृत्त आहेत. त्यांनी आदल्या संध्याकाळीच मला तीन गोष्टी सांगितल्या. सकाळी लवकर जायचं आणि इंजिन आपल्यासमोर थंड असताना सुरू करायला लावायचं. टॉर्च घ्यायचा. आणि फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायचं. "वहिनी, तुम्ही आतून पाहा," ते म्हणाले, "मी पुढून पाहतो. यांचा भरवसा नाही, हे आताच नवरदेव झाले आहेत."

सासूबाईही निघाल्या. नको म्हटलं तर म्हणाल्या, "माह्या नवऱ्यानं जिंदगीभर चालवली ते गाडी मी पाहू नको का?" यावर काय बोलणार?

काकांच्या गाडीतून लाखनीमार्गे तासाभरात पोचलो. गाडी आवाराच्या मधोमध धुऊनपुसून उभी होती. पांढरी, खाली निळा पट्टा, आरशाला झेंडूची माळ. खरंच देखणी होती हो! मी मनातल्या मनात पडद्यांना दहापैकी दहा देऊन टाकले. हे सरळ ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिले. त्या चेहऱ्याकडे पाहून मला कसंसंच झालं. या माणसाने गेल्या दहा वर्षांत स्वतःसाठी काहीही मागितलेलं नाही.

गाडीवाला बोलत होता तो फक्त ह्यांच्याशी. साहेब, असं ॲव्हरेज. साहेब, तसं पिकअप. मी काही विचारलं की उत्तर ह्यांना. मग मी विचारणं सोडलं आणि पाहायला लागले.

काकांनी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. कोमट! आम्ही येण्याआधीच ती एकदा सुरू करून ठेवली होती. "थंडी आहे ना साहेब, डिझेल गाडी," गाडीवाला म्हणाला. काका काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे पाहून त्यांनी एक भुवई वर केली.

मी आत शिरले. पहिली गोष्ट जाणवली ती उदबत्तीची. इतकी दाट, की डोळे चुरचुरले. आता, घरात उदबत्ती आपण केव्हा लावतो? देवापुढे, आणि पाहुणे यायच्या आधी काही कुजकं-नासकं निघालं तर. मी पडदे सारून खिडक्या उघडल्या, पाच मिनिटं दार उघडं ठेवलं आणि परत आत आले. तेव्हा खालून तो वास आला. पावसाळ्यात गाद्यांच्या पेटीला येतो तो.

खाली नवी कोरी रेक्झिनची चटई अंथरलेली. मी कोपरा उचलला. तिच्याखालचा प्लाय काळा पडला होता आणि अंगठ्याने दाबला तर बिस्किटासारखा दबला. मागच्या चाकाच्या वर तर टॉर्च मारल्यावर पत्र्यातून खालची माती दिसली. पाणी कुठून येतं ते शोधायला मी गाडीवाल्याकडे बादलीभर पाणी मागितलं. तो हसला. "मॅडम, गाडी धुतलेलीच आहे." मी म्हटलं, धुवायला नको, टपावर ओतायला हवं. ह्यांनीच शेवटी बादली आणून ओतली. आम्ही आत बसून वाट पाहिली. चौथ्या मिनिटाला भांड्यांच्या कपाटावर पहिला थेंब पडला. टपावर हवेची खिडकी बसवायला पत्रा कापला होता, तिच्या कडेने पाणी येत होतं. आमच्या कौलारू घरात सासूबाई हेच करतात. पाणी पडतं एकीकडे आणि ओल फुटते दुसरीकडे, म्हणून कौलावर पाणी ओतूनच गळकी जागा शोधायची.

लोहचुंबकाने बाहेरून गंमत केली. चांगल्या पत्र्याला ते चटकन ओढ घ्यायचं आणि खालच्या निळ्या पट्ट्यावर नुसतं घसरायचं. म्हणजे पट्ट्याखाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त! त्या पट्ट्याचं कौतुक मी पाचच मिनिटांपूर्वी केलं होतं.

पण माझ्या पोटात खरा गोळा आला तो शेगडीपाशी. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाच किलोचा सिलिंडर, कप्प्याला घट्ट दार, आणि हा कप्पा पलंगाच्या उशाशी! आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली जमिनीसरशी साचतो. म्हणून सिलिंडर ठेवायच्या जागी अगदी तळाला, बाहेर उघडणारी जाळी हवी. इथे एक भोकसुद्धा नव्हतं. टपावरची खिडकी या कामाची नाही, ती गॅसच्या कितीतरी वर. रबरी नळी पाहिली. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. या नळीची तारीख उलटून गेली होती. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा असतो, तोही घरी पाहत जा. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर आणि पुढचा आकडा सालाचा. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. शिवाय बंद डब्यात शेगडी पेटवली, की कार्बन मोनॉक्साइड साचण्याची भीती वेगळीच. त्याला तर वासही नसतो. माझी दोन मुलं त्या पलंगावर, खिडक्या लावून, थंडीत झोपलेली मला डोळ्यांसमोर दिसली.

पलंगावर मी आडवी होऊनही पाहिलं. गाडीवाला बघतच राहिला. पण ज्यावर झोपायचं त्यावर झोपून नको का पाहायला? माझे पाय कसेबसे मावले. ह्यांचे गुडघे दुमडावे लागले असते. सासूबाईंना चढायची पायरी इतकी उंच, की त्यांना काकांनी आणि मी दोन्हीकडून धरून वर घेतलं. आडोसा म्हणून जी जागा सांगितली होती तिथे बॅटरी ठेवलेली आणि तिच्या तारांचे जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले.

तिकडे काकांनी गाडी सुरू केली. धूर आधी पांढरा आला, मग निळसर झाला आणि तसाच राहिला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातं, निळा म्हणजे इंजिन तेल जाळतं, असं त्यांनी समजावलं. मग चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण उघडलं, तर त्यातून चहाच्या किटलीसारखी वाफ भकभक बाहेर. "बॅक कॉम्प्रेशन," काका म्हणाले, "इंजिन उतरवावं लागेल." टायरांवरची नक्षी छान होती. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे ३११५ होतं. म्हणजे २०१५ सालातला एकतिसावा आठवडा. कमी चालल्याने नक्षी टिकली, रबर मात्र दहा वर्षांचं झालं आणि कडेला केसासारख्या भेगा.

कागदांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती पाहायला लोहचुंबकही लागलं नाही. गाडीवाल्याकडे नोंदणी पुस्तकाची झेरॉक्स होती. मी शाळेतल्या मुलांचे निकाल भरून भरून मोबाईलला सरावले आहे. परिवहन खात्याच्या ॲपवर क्रमांक टाकला. नोंदणी १९९८ ची. खाजगी गाडीची पहिली मुदत पंधरा वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. हिची मुदत २०२३ च्या जूनमध्येच संपलेली. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचं पाच हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. शिवाय उशिराचे महिन्याला पाचशे. तीस महिन्यांचे पंधरा हजार. पर्यावरण कर आणखी निराळा. पुस्तकात नाव होतं तिसऱ्याच माणसाचं, आणि गाडीचं वर्णन होतं साध्या प्रवासी व्हॅनचं. कापलेलं टप, पलंग, शेगडी यांची नोंदच नाही. एवढा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. कॅम्पर व्हॅन असा नोंदणीचा वेगळा वर्गच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारणार. "सह्या केलेले फॉर्म आहेत ना मॅडम, एकोणतीस आणि तीस," गाडीवाला म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. मी विचारलं, ज्यांच्या सह्या आहेत ते भेटतील का? तर ते बाहेरगावी असतात म्हणे.

मुलांच्या चाचणीच्या पेपराच्या पाठीवर मी हिशोब मांडला. काकांच्या अंदाजाने इंजिनाचे साठ हजार, तळ आणि टप पंचवीस, टायर, कागद... पावणेदोनवर सव्वा लाख आणखी जात होते. ह्यांना बाजूला कडुनिंबाखाली बोलावून तो कागद हातात दिला.

त्यांनी पाहिला न पाहिलासा केला. म्हणाले, "जुनी गाडी आहे, थोडंफार असणारच. तुला नकोच होती ना?"

आमच्या बारा वर्षांच्या संसारात ह्यांनी मला इतकं टोचून क्वचितच बोललं असेल. माझे साठ हजार त्यात होते. माझ्या लेकीचा आणि माझा घोटभर पाण्याचा प्रश्न त्यात होता. मला हवी होती म्हणून तर मी चटई उचलली! पण हे त्या आवारात, त्या माणसासमोर कसं सांगायचं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पेपराची घडी करत राहिले.

सासूबाई गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असावं. त्या ह्यांना म्हणाल्या, "तुहे बाबूजी रोज सकाडी गाडी काढायच्या आधी खाली वाकून पाह्यत. धुतलेली असो का पुसलेली असो. तू पाह्यलं का?"

हे थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या, माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि गाडीखाली पाठीवर सरकले. नुसत्या चपला बाहेर दिसत होत्या. आतून ठकठक ऐकू आली. चेसिसवर ते बोटाने वाजवत होते. नवा काळा रंग दिलेला होता आणि एका ठिकाणी त्या रंगासकट गंजाचा पापुद्राच त्यांच्या हातात आला. तो तसाच मुठीत धरून ते बाहेर आले. कपडे झटकले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "कळवतो."

परतीच्या वाटेवर कोणी फारसं बोललं नाही. एका पेट्रोल पंपावर सासूबाईंसाठी थांबलो, तर तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. घरी पोचेपर्यंत त्या डोळे मिटून बसून होत्या. रात्री ह्यांनी लोहचुंबक परत फ्रिजवर लावलं. जेवताना स्वतःहून माझ्या पानात लोणचं वाढलं. ही आमच्याकडची माफी, मी ती ओळखते.

गाडीवाल्याचा दोनदा फोन आला. आधी दीड लाख, मग एक लाख तीस. ह्यांनी त्याला सांगितलं, की आधी मूळ मालक समोर आणा, नोंदणी करून द्या आणि तळ बदलून द्या, मग पाहू. तिसरा फोन आला नाही. त्याला मीही एकदा फोन केला होता, फक्त शेगडीच्या कप्प्याबद्दल सांगायला. ज्याला विकाल त्याला खाली जाळी करायला सांगा, म्हटलं. "हो हो" म्हणाला.

काका आता नागपूरला एक गाडी आहे म्हणून सांगतात. मॅटाडोर नाही, दुसरीच कुठली, पलंग वगैरे काही नसलेली, रिकामी. दीड लाख अजून पोस्टात आहेत. सासूबाईंनी एवढंच बजावलं आहे, की पायरी खाली पाहिजे.

महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही दोघं लाखनीकडे जात होतो, तेव्हा समोरून ती आली. तोच निळा पट्टा, पडदे मात्र बदललेले. मागच्या खिडकीत एक लहान मुलगी नाक काचेला लावून बसली होती. ह्यांनी स्कूटर कडेला घेतली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मागे वळून पाहत राहिले.

"त्यांनी खाली जाळी बसवली असेल का गं?" ते म्हणाले.